मत खरं, बस रेटिंगची

(न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘स्पोर्ट्स रेडिओवरचे भांडखोर: जाणकार की गल्लाभरू?’ ‘गल्लाभरू’ हे कार्यकारिणीचं मत. मला या लोकांविषयी थोडी माया आहे. टर्नपाइक हायवेवर अर्धं आयुष्य गेलेल्या माणसाला ती असतेच. एडिसनच्या वरचे लोक न्यूयॉर्कचं डब्ल्यूएफएएन ऐकतात, चेरी हिलकडचे फिलाडेल्फियाचं डब्ल्यूआयपी, आणि आम्हा अधल्यामधल्यांना दोन्हीकडचा आरडाओरडा फुकट.

आपल्याकडे हा प्रकार रुजलाच नाही. आपण बाळ ज. पंडितांच्या समालोचनावर वाढलो. विजय मर्चंट रेडिओवर बोलायचे तेही तोलूनमापून. पुढे खासगी एफएम आलं, पण त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई, म्हणून गाणी आणि लाडिक गप्पा. इथे 1987 साली डब्ल्यूएफएएन सुरू झालं, चोवीस तास नुसता खेळ. 1989 पासून 2008 पर्यंत माइक फ्रँचेसा आणि ‘मॅड डॉग’ ख्रिस रुसो तिथे भांडत होते. एवढी वर्षं टिकलेलं भांडण मी आमच्या घराबाहेर दुसरं पाहिलेलं नाही. (हशा) सौ. पहिल्या रांगेतच आहेत, तेव्हा पुढे जाऊ.

आता 1999. फिलीवाल्यांनो, मान खाली घालू नका. आदल्या मोसमात ईगल्स, म्हणजे फिलाडेल्फियाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, सोळांपैकी तेरा सामने हरलेले, ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक कार्यक्रमात, दुसरी निवड त्यांची. डब्ल्यूआयपीवर सकाळी अँजेलो काताल्डी. हा मूळचा ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’चा क्रीडापत्रकार, म्हणजे लिहिता-वाचता माणूस. त्याने टेक्सास विद्यापीठाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा गडी, रिकी विल्यम्स हवाच म्हणून धोशा लावला. रोज सकाळी तेच. महापौर एड रेंडेलही त्यात सामील! (शहरात कचऱ्यापासून शाळांपर्यंत एवढे प्रश्न, आणि महापौर रनिंग बॅक निवडतायत. आपल्याकडच्या नगरसेवकांना उगाच नावं ठेवतो आपण.) तर काताल्डीने तीसेक कट्टर चाहते गोळा केले. त्यांचं नाव ‘डर्टी थर्टी’. त्यांना बसमध्ये घालून ड्राफ्टसाठी न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नेलं. ईगल्सनी मात्र क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा, डोनोव्हन मॅकनॅबचं नाव पुकारलं. पोरगा मंचावर आला, आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि हे बाल्कनीतून हुर्यो उडवतायत. त्याच्या आईला काय वाटलं असेल, हे आमच्या सौ.नी तेव्हा विचारलं होतं.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. मॅकनॅबने संघाला पाच वेळा कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या अर्ध्या भागाच्या, अंतिम सामन्यात नेलं, एकदा सुपर बोलमध्ये, म्हणजे अख्ख्या लीगच्या अंतिम सामन्यात. 2013 मध्ये ईगल्सनी त्याचा पाच नंबरचा शर्ट निवृत्त केला, म्हणजे तो नंबर आता दुसऱ्या कुणाला नाही.

म्हणजे काताल्डी खोटारडा? इथेच माझा मुद्दा आहे. हेच मत न्यू ऑर्लिन्सच्या माइक डिटकाचंही होतं. सुपर बोल जिंकलेला प्रशिक्षक तो. त्याने त्या वर्षीच्या झाडून सगळ्या निवडी, वर पुढच्या वर्षीच्या दोन, देऊन विल्यम्स घेतला. संघ तेरा सामने हरला आणि डिटकाची नोकरी गेली. काताल्डी त्याच खुर्चीवर 2023 पर्यंत. मत दोघांचंही मनापासूनचं, पण किंमत एकानेच मोजली. काताल्डीचं मत खरं होतं, ती बस मात्र रेटिंगची होती.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. स्वयंपाकघरातून फोडणीचा वासही येतोय, त्यामुळे आता माझी बाजू पडती आहे.

तर पटकन. रेटिंग मोजायचे कसे? पंधरा मिनिटांच्या तुकड्यात माणूस पाच मिनिटं थांबला की तो तुकडा स्टेशनच्या खात्यात, असा नियम फिलाडेल्फियासारख्या मोठ्या शहरांत 2024 पर्यंत होता. आधी लोक वहीत लिहायचे. मग कमरेला लावायचं यंत्र आलं, आणि अमेरिकेत ते अधिकृत आकड्यांसाठी ज्या शहरांत सर्वांत आधी वापरलं गेलं, त्यांत फिलाडेल्फिया होतं. त्यामुळे होस्टला तुमचं पटणं नको असतं, तुम्ही गाडी लावल्यावरही रेडिओ बंद न करणं हवं असतं. मी एकदा एका स्टेशनला फोन लावला होता. फोन घेणाऱ्या पोराने विचारलं, होस्टच्या बाजूने की विरुद्ध? म्हटलं, निम्मं पटतं, निम्मं नाही. त्याने फोन ठेवला! त्या पोराचा मला अजून राग आहे, पण त्याचा धंदा त्याला बरोबर कळला होता. मत विकत घेतलं जात नाही हो, मतातली शंका तेवढी काढून घेतात.

म्हणून सोमवारी सकाळी ऐका. शुक्रवारी ज्याला मोडीत काढलं तो खेळाडू रविवारी जिंकून देतो, तेव्हा होस्ट काय म्हणतो? शुक्रवारचं वाक्य पुन्हा उच्चारून ‘हे माझं चुकलं, आणि या कारणाने’ म्हणणारे आहेत, थोडे आहेत. बाकीचे थेट पुढच्या सामन्यावर उडी मारतात. कोण कुठल्या गटात, याची माझी यादी तयार आहे, पण ती माइकवर वाचली तर एडिसनवाले आणि चेरी हिलवाले एका पंगतीला बसायचे नाहीत. ताटं घेतल्यावर विचारा.