रेल्वे थांबणार नाही, रस्ता थांबेल

मंडळी, इंग्लंडमधल्या मँचेस्टर जहाज कालव्यावरचे फिरते पूल हा आजचा विषय. हे पूल फिरतात कसे ते सांगेनच, पण ते फिरते का ठेवले यात जास्त गंमत आहे.

मँचेस्टर समुद्रापासून आत. गिरण्यांचा कापूस लिव्हरपूलला उतरायचा, त्यात आपल्या मुंबईहून गेलेल्या गासड्याही असत, आणि पुढे रेल्वेने यायचा. बंदराची पट्टी आणि रेल्वेभाडं यांना व्यापारी कावले होते. समुद्रातली जहाजं थेट मँचेस्टरला आणणारा कालवा खणायचा म्हणून १८८२ साली कारखानदार डॅनियल ॲडमसन यांनी घरी सभा भरवली, तिसऱ्या खेपेला, १८८५ मध्ये, संसदेने कायदा मंजूर केला आणि १ जानेवारी १८९४ ला ३६ मैलांचा कालवा वाहतुकीला खुला झाला.

आता कालवा आडवा गेला की वाटेतले रस्ते आणि रूळ तुटणारच. रेल्वे कंपन्या मुळातच कालव्याच्या विरोधात, शिवाय संसदेत वजनदार. फिरत्या पुलावरून आमच्या गाड्या जाणार नाहीत, म्हणाल्या. मग कालवा कंपनीने स्वतःच्या खर्चाने लांबच लांब भराव घालून रूळ उंच उचलून दिले. रस्त्यावर तेव्हा घोडागाड्या. त्यांची बाजू कोण मांडणार? काही उंच पूल झाले, पण सात ठिकाणी रस्त्याला फिरता पूल मिळाला. स्थापत्यापेक्षा हा निर्णय राजकारणाचा होता, असं माझं मत.

यातलं सर्वांत देखणं ठिकाण बार्टन. कालव्याच्या मधोमध एक बेट, त्यावर विटांचा नियंत्रण मनोरा. एका बाजूला रस्त्याचा पूल, दुसऱ्या बाजूला चक्क फिरता जलसेतू! पाण्याने भरलेली लोखंडी कुंडी, तिच्यातून ब्रिजवॉटर या दुसऱ्या, जुन्या कालव्याच्या नावा जहाज कालवा ओलांडून जातात. जहाज आलं की कुंडीच्या दोन्ही टोकांचे दरवाजे लावतात आणि पाण्यासकट सुमारे १४५० टनांचं हे धूड जात्याच्या पाळीसारखं आडवं फिरतं. आत नाव असली तरी वजन तेवढंच, कारण नाव आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. अभियंता एडवर्ड लीडर विल्यम्स. जलसेतू उंच का नाही नेला? नेला असता तर नावांना चढ-उतारासाठी जलपाशांची, म्हणजे पाणी भरून-सोडून नाव वर-खाली करणाऱ्या दरवाज्यांच्या कप्प्यांची, रांग बांधावी लागली असती, वेळही गेला असता आणि पाणीही. रस्त्याचा पूलही तसाच फिरतो. दोन्ही उघडले की बेटाच्या लांबीत एका रेषेत येतात आणि बाजूने जहाज निघून जातं.

खरी पंचाईत याच कालव्यावरच्या वॉरिंग्टन गावाची. गावाच्या दक्षिणेचे तीन मोठे रस्ते अशाच फिरत्या पुलांवरून जातात. आता जहाजं कमी झालीत, पण एखादं आलं की मोटारींच्या रांगा लागतात. मोटारमार्गासाठी १९६३ मध्ये थेलवॉलला उंच पूल झाला. तो गावाबाहेर आहे. तिथे अपघात होऊन वाहतूक अडली, की सगळ्या गाड्या गावात घुसतात, या घोडागाडीच्या काळातल्या पुलांवर. आणि नेमकं तेव्हाच जहाज आलं, तर थांबायचं गाड्यांनीच.