योनक इंद्राग्निदत्त

नमस्कार श्रोतेहो. नाशिकची पांडवलेणी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी धापा टाकत, पायऱ्या चढून पाहिली असतील. तिथल्या सतराव्या लेण्यात एक ब्राह्मी लेख आहे. लेणं कोरवून देणारा आपली ओळख सांगतो: उत्तरेकडचा, दात्तामित्रीचा योनक, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. योनक म्हणजे यवन, ग्रीक. सोबत मुलगा आहे, धम्मरक्षित. तीन पिढ्या झाल्या, पण ग्रीक नाव औषधालाही नाही!

ग्रीकांची धम्माकडची ही वाट सुरू होते पार अफगाणिस्तानातून. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर कंदाहारला ग्रीक वस्ती राहिली होती. तिच्यासाठी सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी २६०च्या सुमारास खडकावर लेख कोरवला. वर ग्रीक, खाली अरेमाइक, ही पश्चिम आशियातली जुनी भाषा. १९५८ साली तो उजेडात आला. त्यात ‘धम्म’साठी शब्द घातलाय ‘युसेबिया’. देवांबद्दल, वडीलधाऱ्यांबद्दल ग्रीक माणूस जो पूज्यभाव बाळगायचा, तो युसेबिया. त्या अनाम भाषांतरकाराचं मला फार कौतुक वाटतं. परका शब्द गळी उतरवत बसण्यापेक्षा त्याने त्यांच्याच घरातला शब्द काढून दिला. लेखात बुद्धाचं नावही नाही. राजाच्या शिकाऱ्यांनी, कोळ्यांनी आपला धंदा थांबवला, लोक आईवडिलांचं ऐकू लागले, असं साधंच काही आहे.

पुढचा ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे पाली ग्रंथातला मिलिंद, आपल्या ओळखीचा. भिक्खू नागसेन त्याला विचारतात, ‘महाराज, रथातून आलात ना? मग दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं?’ राजा प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणतो आणि अलगद अडकतो. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला नाव दिलं ते याच मिलिंदाचं.

पण राजांपेक्षा मला आजच्या पाकिस्तानातल्या स्वातचा थिओडोरस जवळचा वाटतो. हुद्दा ‘मेरिडार्क’, आपल्याकडचा जिल्हाधिकारी म्हणा हवं तर. त्याने शाक्यमुनींच्या अस्थी एका पात्रात स्थापन केल्या आणि त्यावर तसं लिहवलं. नाव ग्रीक, हुद्दा ग्रीक, भाषा मात्र प्राकृत, लिपी खरोष्ठी.

आणि जुन्नर? तिथल्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या दुसऱ्याने पाण्याची दोन टाकी दिली. लेखात या टाक्यांना ‘पोढियो’ म्हटलंय. लेण्यातल्या टाक्याला आजही पोढी म्हणतात.