एकूण रक्कम दाखवायची कुठं?

नागपूर, सीताबर्डीतला एक कॉम्प्युटर क्लास. डिसेंबर आहे, खाली हातगाड्यांवर आंबिया बहाराची संत्री लागली आहेत, म्हणून सरांनी हिशोबही तोच दिला: एका डझनाचा भाव टाका, घरपोच द्यायचे पैसे टाका, बटन दाबलं की एकूण रक्कम दिसली पाहिजे. बेरीज सोपी आहे, पण जावास्क्रिप्टमध्ये उत्तर स्क्रीनवर आणायचं कसं, तिथं पोरं अडकून राहिली आहेत.

समोरच्या मुलीनं डॉक्युमेंट डॉट राइट, म्हणजे थेट पानावर लिहायची ओळ, वापरली. बटन दाबलं अन् पान कोरं, रकाने गेले, बटनही गेलं, उरला एक आकडा. बिघडलं काहीच नाही. पान लोड होत असताना ही ओळ चालली तर मजकूर जागच्या जागी बसते, पण लोडिंग संपल्यावर चालवली की ब्राउझर आधीचं सगळं पुसून नव्यानं लिहायला घेते, अन् बटन तर आपण लोडिंग संपल्यावरच दाबतो ना.

बाजूच्या पोरानं अलर्ट घेतला. डबा येते, ओके म्हणेपर्यंत पान अडून बसते, लूपमध्ये, म्हणजे ओळ पुन्हा पुन्हा चालते तिथं, टाकलं तर विचारूच नका.

पण आकडा पाहा. भाव ६०, घरपोचचे २०, अन् उत्तर ६०२०!

इथं खरी गरज कन्सोलची, म्हणजे कोड तपासायच्या ब्राउझरमधल्या खिडकीची आहे, अन् माझं तर म्हणणं आहे की पहिल्याच दिवशी तोच शिकवावा. एफ बारा दाबा, कन्सोल डॉट लॉग या छापायच्या ओळीत भावाला टाइपऑफ लावा, म्हणजे तो कोणत्या प्रकारचा आहे ते छापून येते, तिथं स्ट्रिंग असं येते. म्हणजे रकान्यातून आलेला ६० हा मजकूर आहे, अन् अधिकच्या चिन्हानं दोन मजकूर एकमेकांना चिकटवले. दोन्हीला नंबर हे मजकुराचा आकडा करणारं फंक्शन लावलं, झाले ८०. ग्राहकाला यातलं काहीच दिसत नाही, कन्सोल लिहिणाऱ्यासाठी आहे.

ग्राहकासाठी पानावर एक रिकामा पॅराग्राफ, त्याला आयडी, म्हणजे कोडला सापडेल असं नाव, अन् त्याच्या टेक्स्ट कंटेंटमध्ये, म्हणजे आतल्या मजकुरात, रक्कम. स्क्रिप्ट मात्र बॉडीच्या शेवटी ठेवा, नाहीतर पॅराग्राफ तयार व्हायच्या आधीच कोड त्याला शोधू शकते अन् हाती नल, म्हणजे काहीच नाही, येते.

आता त्या मुलीला ग्राहकानं टाकलेलं नावही दाखवायचंय. मजकूर एचटीएमएल म्हणून पानात टाकणारं इनर एचटीएमएल नको, सर म्हणतात, कारण नावाच्या रकान्यात कोणी टॅग, म्हणजे पान बांधायची एचटीएमएलची खूण, लिहिला तर ब्राउझर तो खराच टॅग समजते, त्यातून दुसऱ्याचा कोडही आपल्या पानावर चालू शकते. टेक्स्ट कंटेंट तोच टॅग साध्या अक्षरांसारखा दाखवून मोकळं होते.