पावसाळ्यात परत येणारा वास

श्रोतेहो, नमस्कार. मृगाच्या सरी सुरू होऊन हवा दमट झाली, की कुत्रे किंवा मांजर पाळणाऱ्या पुण्यातल्या कित्येक घरांत दरवर्षी तीच तक्रार ऐकू येते. उन्हाळाभर ज्या कोपऱ्याचा विसर पडलेला असतो, तिथून लघवीचा दर्प पुन्हा येऊ लागतो. फरशी रोज पुसली जाते, फिनेल टाकले जाते, उदबत्तीही लावली जाते, आणि तरीही बाहेरून येऊन दार उघडताच तो वास पहिल्यांदा भेटतो.

हे घरातल्या बाईच्या किंवा कामाच्या मावशींच्या हलगर्जीमुळे घडत नाही, हे मला आधी स्पष्ट करावेसे वाटते. लघवीतला युरिया पाण्यात सहज विरघळतो, आणि त्यावर जिवाणूंची क्रिया होऊन नाकाला झोंबणारा जो अमोनिया तयार होतो, तोही धुण्याने जातो. यूरिक आम्ल मात्र पाण्यात फारच थोडे विरघळते. त्याचे बारीक स्फटिक दगडाच्या छिद्रांत, टाइल्सच्या सांध्यांत आणि गादीच्या कापसात तसेच राहतात, आणि हवेतला ओलावा मिळाला की वास पुन्हा सुटतो. मांजराच्या लघवीत गंधकयुक्त द्रव्येही असतात. नसबंदीची शस्त्रक्रिया न केलेल्या बोक्याचा वास अधिक उग्र असतो तो त्यामुळे.

म्हणून औषध निवडण्याआधी आपली जमीन कोणती आहे, हे पाहावे. आमचे घर पूर्वी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावर होते आणि खाली शहाबादी फरशी होती. आमच्या म्हाताऱ्या कुत्रीला अखेरच्या वर्षी लघवी धरवत नसे. कुणीतरी सुचवले म्हणून मी तिच्या कोपऱ्यात व्हिनेगर ओतले. बारीक फेस आला, आणि घाण निघते आहे असे समजून मी समाधानाने पाहत राहिलो. फरशी वाळल्यावर तिथे तळहाताएवढा पांढुरका, खरखरीत डाग उमटला होता. तो फेस घाणीचा नव्हता. फरशीच विरघळत होती. शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे चुन्याच्या जातीचे दगड आहेत. व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचे आम्ल त्यांना लावू नये, कारण खरखरीत झालेला दगड पुढच्या वेळी अधिक शोषतो. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः जवळजवळ काहीच शोषत नाही, पण तिचे सिमेंटचे सांधे शोषतात. वास फारच मुरला असेल तर ते खरवडून इपॉक्सीने नव्याने भरून घ्यावेत.

डाग ताजा असेल तर घासू नये, टिपावा. जुना सुती पंचा घडी करून त्यावर ठेवावा, भार देऊन दाबावा, कोरडी घडी पुन्हा ठेवावी, आणि पंचा ओला होईनासा झाला की मग गार पाणी वापरावे. गरम पाणी किंवा वाफ वापरल्याने डाग कापडात पक्का बसतो.

मुरलेल्या वासावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमचे, म्हणजे डागातली द्रव्ये तोडणाऱ्या प्रथिनांचे, द्रावण. ते फवारून लगेच पुसून टाकल्याने बहुतेकांची निराशा होते. लघवी जितकी खोल गेली तितकेच द्रावणही खोल जायला हवे, वरून ओले फडके झाकून काही तास ते ओले राहायला हवे, आणि त्या जागी आधी फिनेल किंवा ब्लीच पडलेले असल्यास ते साध्या पाण्याने धुऊन काढायला हवे. सोफ्यावर दिसणाऱ्या डागापेक्षा आतल्या फोममधला डाग मोठा असतो, म्हणून खोळ काढून फोमवर वेगळे काम करावे. कापसाच्या गादीचा आतला कापूस भिजला असेल तर गादी उसवून तेवढा कापूस काढून टाकावा. त्याला दुसरा प्रामाणिक उपाय मला ठाऊक नाही. डाग नेमका सापडत नसेल तर रात्री दिवे मालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवावा. वाळलेली लघवी फिकट पिवळसर चमकते. साबणाचे अवशेषही चमकतात, तेव्हा शेवटची खात्री नाकानेच करावी.

दोन गोष्टी मात्र कृपया करू नका. लघवीवर ब्लीच ओतू नका, कारण अमोनियाशी त्याचा संयोग होऊन छातीला घातक वायू निघतो. आणि मांजराच्या घरात फिनॉलयुक्त जंतुनाशके वापरू नका. मांजराचे यकृत ती द्रव्ये नीट बाहेर टाकू शकत नाही, आणि ओल्या फरशीवरून चालून आलेले मांजर आपले पंजे चाटतेच.

जिथे जुना वास शिल्लक आहे तिथेच प्राणी पुन्हा लघवी करतो. त्याला मारून किंवा त्याचे नाक डागावर घासून त्याला काही कळत नाही, तो फक्त आपल्याला भिऊ लागतो. जागा नीट स्वच्छ करूनही तो घरातच लघवी करत असेल तर मूत्राशयाचा दाह, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह यांपैकी काही नाही ना, हे पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. आणि बोका पुन्हा पुन्हा बसून जोर करतो आहे, पण थेंबही येत नाही, असे दिसले तर फरशीचा विचार बाजूला ठेवून त्याच घटकेला, रात्र असली तरी, त्याला दवाखान्यात न्यावे. नमस्कार.