खर्ज कुठे कापला?

(इंदूरमधल्या एका उन्हाळी व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्त्यांनी मधूनमधून गिटार वाजवून दाखवलं, त्या जागा कंसात नोंदवल्या आहेत.)

मंडळी, नमस्कार. 'हाय-गेन गिटार अँप्लिफायर : आवाज आणि हाताला येणारा अनुभव' हा विषय वाचून ज्येष्ठ मंडळी घरीच थांबतील असं मला वाटलं होतं. पण पुढच्या दोन्ही रांगा त्यांनीच भरल्या आहेत आणि गिटारवाली पोरं मागे उभी आहेत. तेव्हा सुरुवात पुढच्या रांगांपासून करू.

आपल्या होळकर दरबारात बंदे अली खाँसाहेब बीन वाजवत. बिनेला, तसंच तानपुऱ्याला, जवारी असते. तार घोडीच्या रुंद पाठीला हलकेच लागत-सुटत राहते आणि आवाजाला ती झळाळी येते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर निबंध लिहिला. तारेचा जुना नियम असा, की जिथे तार छेडली तिथे ज्या हार्मोनिकचा, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांच्या उपसुराचा, स्थिर बिंदू येतो, तो हार्मोनिक उमटायला नको. रामन यांनी दाखवलं की तानपुऱ्यात आणि विणेत तोही ठणठणीत ऐकू येतो. म्हणजे छेडताना जे तारेला दिलंच नव्हतं, ते घोडी तयार करते.

गिटारच्या अँपमधला गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, हेच काम विजेने करतो. ट्यूबला, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे त्या व्हॉल्व्हला, झेपेल त्यापेक्षा मोठा सिग्नल दिला की लाटेचा माथा कापला जातो. माथा कापला की नवे हार्मोनिक जन्माला येतात. १२एएक्स७ ही छोटी ट्यूब ट्यूबवाल्या बहुतेक गिटार अँपमध्ये सापडते. तिचा अँप्लिफिकेशन फॅक्टर १०० आहे. प्रत्यक्ष सर्किटमध्ये एका टप्प्याला पन्नास-साठ पट मिळतात. असे तीन-चार टप्पे एकामागे एक लावले, तर मधे मुद्दाम सिग्नल खाली उतरवूनही शेवटच्या ट्यूबा माथेच कापत बसतात. याला म्हणायचं हाय-गेन.

आता एक सूर सोडून दोन सूर एकदम वाजवले तर काय होतं ते ऐका.

(इथे आधी षड्ज-पंचम आणि मग षड्ज-गंधार, दोन्ही जोड्या भरपूर गेन ठेवून वाजवून दाखवल्या.)

पहिली जोडी भरीव लागली, दुसरी गढूळ. काकू, तुम्ही कानावर हात ठेवलात तो दुसऱ्या जोडीला, पहिलीला नाही. कारण असं : माथा कापून आवाज विकृत होताना दोन सुरांच्या कंपनांची वजाबाकीही त्यात येते. ११० हर्ट्झचा षड्ज आणि १६५ चा पंचम घ्या. वजाबाकी ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच. न वाजवलेला खर्ज फुकट मिळाला. गंधार मात्र गिटारच्या पडद्यांवर १३८.६ ला येतो. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार याच सप्तकात धरला तर १३७.५ ला. हा एका हर्ट्झचा फरक साध्या आवाजात खपून जातो, पण वजाबाकी झाली की २८.६ येते आणि ती कुठल्याच षड्जाशी जुळत नाही. अशा बेसूर वजाबाक्या थरावर थर चढतात. मेटल, म्हणजे जड रॉक, वाजवणारे षड्ज-पंचमावर का अडून बसतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आणि माझा आजचा मुद्दाही इथूनच निघतो. दोन अँपची तुलना करताना पोरं विचारतात, 'गेन कोणात जास्त?' हा प्रश्न निरर्थक आहे. गेन आता सगळ्यांतच गरजेपेक्षा जास्त असतो. विचारायचं हे, की गेनच्या आधी खर्ज किती कापला, आणि नंतर तो कुठे परत दिला.

गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर असते. तळहाताची कड ब्रिजजवळ टेकवून ती दाबून वाजवली, म्हणजे पाम म्यूट केलं, की सिग्नलमध्ये खर्जाचा मोठा गठ्ठा येतो. तो तसाच ट्यूबेत गेला की सगळी जागा तोच अडवतो. शिवाय दोन टप्प्यांमधला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, या दणक्याने चार्ज होऊन बसतो, आणि तो रिकामा होईपर्यंत पुढची ट्यूब अर्धवट बंद राहते. आवाजाला धाप लागते. जलद रिफमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीत, दुसरा ठोका पहिल्याच्या चिखलात पडतो.

हे ओळखलं कोणी? थोडा इतिहास सांगतो, पण पळवतच. पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. १९६२ च्या सुमारास तिथे फेंडर कंपनीचा बासमन हा अँप समोर ठेवून जेटीएम४५ हा अँप तयार झाला. पुढच्या मार्शलांमध्ये एक बारीकसा बदल आला. फेंडरच्या पहिल्या टप्प्यावर कॅथोडला, म्हणजे ट्यूबच्या ऋण टोकाला, २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असायचा, मार्शलने ०.६८ चा टाकला. किंमत नगण्य. आपल्या महाराणी रोडवर चहाच्या पैशात मिळेल. पण त्यामुळे पहिल्याच टप्प्यापासून खर्ज दुबळा झाला आणि मधला पट्टा पुढे आला. १९८१ चा जेसीएम ८०० हे त्याच वळणाचं पोर. त्याच्या एका टप्प्यावर कॅथोडला १० किलोओहमचा रेझिस्टर आहे. नेहमीचा असतो दीडेक किलोओहमचा. दहाच्या रेझिस्टरने ती ट्यूब इतकी थंड चालते की लाटेची एक बाजू लवकर कापली जाते. त्यातून तो करकरीत, दातेरी आवाज येतो. आजच्या मानाने जेसीएम ८०० चा गेन कमीच, पण हात खोटा पडला तर लगेच उघडं पाडतो. मला स्वतःला तो याच गुणासाठी आवडतो. शिकाऊ पोरांना तो याच गुणासाठी नको असतो.

कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी मेसा बूगी ही अँपची कंपनी काढली, ती छोट्या फेंडर प्रिन्स्टन अँपमध्ये बदल करत करत. त्यांच्या मार्क मालिकेत बेस-मिड-ट्रेबलचे खटके गेनच्या *आधी* आहेत. मार्शलमध्ये ते गेनच्या नंतर. ही गोष्ट कळली नाही तर मार्क अँप वापरताच येत नाही. नवखा माणूस त्यावर बेस ७ वर नेतो आणि म्हणतो, अँप भिकार आहे. तिथे बेस १-२ वर ठेवायचा असतो, कारण तो खटका आवाजाचा खर्ज ठरवत नाही, ट्यूबेत किती खर्ज शिरू द्यायचा ते ठरवतो. मग गेन होऊन गेल्यावर पाच पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर येतो : ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झ. त्यातली ८० ची पट्टी वर केली की कापलेला खर्ज परत मिळतो, पण आता स्वच्छ. ७५० खाली ओढली की तो इंग्रजी व्ही आकार तयार होतो. मेटॅलिका या मेटल बँडच्या १९८६ च्या रेकॉर्डिंगमध्ये मार्क टू सी प्लस होता. तो घट्ट, बंद मुठीसारखा ठोका या 'आधी कापा, नंतर द्या'चा आहे.

(इथे एकच रिफ दोनदा वाजवली : आधी बेस गेनच्या अगोदर वाढवून, मग तेवढाच बेस गेनच्या नंतर वाढवून.)

मागून 'ओहो' आलं. खटके तेच, जागा बदलली.

१९८७ ला माइक सोल्डानो यांचा एसएलओ-१०० आला. त्यात थंड टप्प्याचा रेझिस्टर १० वरून ३९ किलोओहमवर गेला. गेन वाढला, पण कड गुळगुळीत झाली. नव्वदीच्या सुरुवातीला आलेले मेसाचा ड्युअल रेक्टिफायर आणि पीव्ही कंपनीचा ५१५०, दोघांच्या सर्किटवर सोल्डानोची छाप दिसते. ३९ किलोओहम दोन्हीकडे आहे. पॉवर ट्यूबही दोघांच्या ६एल६, मार्शलच्या ईएल३४ नव्हेत. कागदावर सख्खे भाऊ. वाजवायला घ्या, तर एक सैलसर आणि अवाढव्य, दुसरा चिडका आणि काटेकोर.

हा फरक बराचसा शेवटच्या टप्प्यात आहे. पॉवर अँपमध्ये नकारात्मक फीडबॅक असतो : बाहेर गेलेल्या आवाजाचा थोडा भाग मागे आणून अँपला लगाम घालायचा. रेक्टिफायरच्या 'मॉडर्न' मोडमध्ये हा लगाम काढून टाकला आहे. मग स्पीकर आपल्या मनासारखा डोलतो. कॅबिनेटची जी नैसर्गिक गुंज शंभर हर्ट्झच्या आसपास असते ती फुगते, आणि वरची सरसरही वाढते. पँटच्या पायांना वारा लागतो तो याचा. ५१५० मध्ये लगाम आहे, फक्त खर्जापुरता तो ढिला करायला 'रेझोनन्स' नावाचा खटका दिला आहे. गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांच्यासाठी बनलेला हा अँप पुढे ६५०५ या नावाने विकला गेला.

रेक्टिफायर सैल वाटतो म्हणून लोक पुढे ट्यूब स्क्रीमर हा हिरवा पेडल लावतात. ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण. विकृती वाढवायला लावलेला नसतो तो. ७२० हर्ट्झच्या खाली तो सिग्नल उतरवत नेतो, म्हणून लावतात. जे काम मार्कच्या आत होतं ते इथे बाहेरून करून घेतलं.

आता हाताला येणारा अनुभव. अँपमध्ये एसीचं डीसी करायला डायोड असतात किंवा रेक्टिफायर ट्यूब. ड्युअल रेक्टिफायरमध्ये दोन्ही आहेत, नावच त्यावरून पडलं. ट्यूबवर टाकलं की जोराने वाजवताच व्होल्टेज दबतं, ठोका किंचित मागे सरकतो आणि मग सूर फुलतो. याला सॅग म्हणतात. सावकाश, लांब सुरांना ते गोड लागतं. जलद रिफला मात्र डायोडच हवेत. त्याच अँपवर 'स्पंजी' नावाचं बटण आहे, ते मुद्दाम कमी व्होल्टेज देतं. अमेरिकेत त्यासाठी बटण लागतं, आपल्याकडे मे महिन्यातल्या संध्याकाळी वीज मंडळ ही सोय न मागता करून देत असे.

ट्यूब नसेल तर जीव नाही, असं म्हणणाऱ्यांना एकच नाव सांगतो : पँटेरा या मेटल बँडचे गिटारवादक डाइमबॅग डॅरेल. रँडल कंपनीचा ट्रान्झिस्टरचा अँप वाजवत. तो वस्तऱ्यासारखा आवाज त्यांना हवाच होता.

स्पीकरकडे येतो. हा भाग पोरं सगळ्यात कमी ऐकतात, आणि माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त फरक पडतो. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने मिटतो. म्हणूनच हाय-गेन सुसह्य होतो. गणपतीच्या मंडपात डिस्टॉर्शन पेडलची वायर सरळ पीए अँप्लिफायरला जोडली की जी चर्रचर्र ऐकू येते, तिचं कारण हे : ट्विटरने सगळं खरं सांगून टाकलं. सेलेशन कंपनीचा व्हिंटेज ३० हा स्पीकर दोन-तीन हजार हर्ट्झला पुढे येतो, बँडमध्ये हरवत नाही, पण एकट्याने ऐकला तर बोचतो. जी१२टी-७५ मध्ये मधला भाग खोल असतो. २५ वॉटचा ग्रीनबॅक लवकर दमतो आणि त्या दमण्यातच त्याची गोडी आहे. मार्शल आणि मेसा अदलाबदल केलेत तर गिटारवाल्याला कळेल. स्पीकर बदललात तर या पहिल्या रांगेलाही कळेल.

आणि आवाज किती मोठा, यावरही मत बदलतं. १०० वॉटचा अँप ५० वॉटच्या दुप्पट मोठा वाटत नाही, फक्त ३ डेसिबलने चढतो. उलट फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवलं की हळू आवाजात कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. म्हणून पोरगा रात्री खोलीत, आई उठू नये म्हणून हळू वाजवत, बेस आणि ट्रेबल चढवतो, मिड शून्यावर नेतो आणि खूश होतो. तेच सेटिंग कॉलेजच्या स्टेजवर नेलं की खर्ज बास गिटार आणि किक ड्रम खातात, वरचं झांजा खातात, आणि गिटार फक्त दिसते. आपल्या शहरात निकोटिनसारखा मेटल बँड उभा राहिला, अशा बँडच्या कार्यक्रमाला गेलात तर गिटारचे मिड किती ठेवले आहेत ते ऐका.

एक चिठ्ठी आली आहे : 'सर, इंदूरमध्ये राहून यातलं काय घ्यावं?' अमेरिकेतून १०० वॉटचं हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा अँप, मागवू नका. तिकडचे १२० व्होल्टचे, त्यांना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि शेजाऱ्यांचं काय करायचं ते वेगळंच. न्यूरल अँप मॉडेलर हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात आज सांगितलेल्या अँपचे नमुने लावता येतात. पण नमुना एका ठरावीक सेटिंगचा असतो, तेव्हा खर्ज आधी कापायचं काम तुमच्याकडेच राहतं. अँपच्या नमुन्याआधी एक इक्वलायझर लावा आणि शंभर-दीडशे हर्ट्झच्या खालचं कमी करत जा. पैसे टाकायचेच असतील तर गिटार संगणकाला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसवर टाका. बफर, म्हणजे संगणक आवाज पुढे देण्याआधी जेवढा साठवतो तो, कमी ठेवा. १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे स्पीकरपासून साडेतीन मीटर दूर उभं राहिल्यासारखं. तेवढं चालतं, त्याच्या दुप्पट झालं की हात अडखळतो. आणि स्पीकरचे इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकरच्या आवाजाचे डिजिटल ठसे, दोन-तीनच ठेवा. पोरांकडे चारशे असतात, आणि संध्याकाळ ते बदलण्यात जाते.

गिटार अजून जोडलेली आहे. ज्यांना हात लावून बघायचा आहे त्यांनी पुढे या. आधी काकू.