आजोबा कसे होते, हे पोरांना कोण सांगणार?

माझे बाबा गेले त्याला आता बरेच दिवस झाले, तरी त्यांच्याबद्दल बोलायला उभं राहिलं की घसा दाटतोच, तर मधेच थांबले तर सांभाळून घ्या. दुःखातून बाहेर कसं यायचं यावर मला आज बोलायचं नाहीये. मला बोलायचंय ते गेलेल्या माणसाची आठवण जपायची कशी यावर, आणि घरात लहान मुलं असतील तर जास्तच.

आपल्याला सगळे सांगतात ना, आता मन दुसरीकडे वळव, त्यातून बाहेर पड. हा सल्ला जुना आहे. फ्रॉइड या मनोविश्लेषकानं १९१७ मधे लिहिलं होतं की शोक म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं. पण १९२० मधे त्याची स्वतःची मुलगी सोफी फ्लूनं गेली, आणि नऊ वर्षांनी तिच्या वाढदिवसाच्या सुमारास त्यानं एका मित्राला पत्र लिहिलं, त्यात तो म्हणतो की तिची जागा कशानंच भरून येणार नाही आणि तसंच असायला हवं, कारण जे प्रेम आपल्याला सोडायचंच नाहीये ते टिकवायचा तोच मार्ग आहे. मला त्या थिअरीपेक्षा हा बाप जास्त पटतो.

आणि शोकाच्या म्हणून सांगतात त्या पाच स्टेजेस, नकार, राग वगैरे, त्या कुब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मधे मांडल्या त्या मुळात मरणाला टेकलेल्या पेशंट्सशी बोलून. मागे राहिलेल्यांचं ते टाईमटेबल नाहीये. तेव्हा कोणी तुमची स्टेज विचारली तर मनावर घेऊ नका.

१९९६ मधे क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी उलटंच मांडलं, की माणूस गेला तरी नातं चालू राहतं, फक्त त्याचं रूप बदलतं. आई किंवा वडील गेलेली मुलं मनातल्या मनात त्यांच्याशी बोलतात, त्यांची एखादी वस्तू जवळ ठेवतात, आणि त्यात काही बिघडलंय असं नाही.

पण अगदी लहान पोरांचं काय? मोठेपणी आपल्याला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं जवळजवळ काहीच आठवत नाही. माझी धाकटी तेव्हा नुकती बोलायला लागलेली, दिवसभर आजोबांच्या खांद्यावर, खाली उतरवलं की रडायची, आणि यातलं तिला काही म्हणजे काही आठवणार नाही. हे मला फार लागलं. म्हणजे तिचे आजोबा तिला आपल्याकडूनच मिळणार, आपण जसे सांगू तसे.

आता सांगायचं काय? माणूस गेला की आपण सगळे फक्त चांगलं चांगलं बोलतो, प्रेमळ होते, कष्टाळू होते, कोणाला दुखावलं नाही. हे वाक्य कुठल्याही आजोबांना लागू पडतं हो! माझे बाबा आमच्याशी कडक होते, मार्कांवरून बोलायचे, आम्हाला कधी खांद्यावर घेतल्याचं मला आठवत नाही. आणि हाच माणूस नातवंडांपुढे घोडा व्हायचा, चष्म्याची काडी मोडली तरी हसायचा, आम्ही भावंडं एकमेकांकडे बघत राहायचो की हे कोण आहेत. यातले खरे कोणते, असं माझ्या मोठ्यानं मला विचारलं. मी म्हटलं दोन्ही, आणि दोन्ही सांगितले. तेव्हापासून तो त्यांच्याबद्दल स्वतःहून विचारतो, आधी नुसता फोटोकडे बघायचा.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी वीस प्रश्न काढले होते, आजी-आजोबा कुठे वाढले, आईबाबा कसे भेटले, असले साधे. ज्या मुलांना घरातल्या गोष्टी जास्त माहीत होत्या त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला. गोष्टी माहीत होत्या म्हणूनच तसं झालं असं नाही म्हणता येणार, ज्या घरात एकत्र बसून गप्पा होतात तिथलाच हा गुण असेल, पण मग तेही आपल्याच हातात आहे ना. आणि बोलताना आजोबा आठवतात का असं विचारू नका, मूल हो नाहीतर नाही म्हणतं आणि विषय संपतो. आजोबा फोन उचलताना काय म्हणायचे, चिडले की काय करायचे, असं विचारा, मग बघा कसं भडाभडा बोलतं.

आवाज असेल तर तो आधी सांभाळा. जुन्या व्हॉइस नोट्स, लग्नाच्या व्हिडिओत मागे कुठेतरी येणारी त्यांची हाक, सगळं शोधा आणि दोन ठिकाणी कॉपी करा, फोन बदलताना हेच आधी उडतं. फोटोंच्या मागे नावं लिहा, आजच, ती ओळखणारी माणसं आहेत तोवर. आणि आई असेल तर पहिल्यांदा तिच्याजवळ बसा, कारण बाबा तरुणपणी कसे होते हे तुमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नाही, ते तिनं पाहिलंय, आणि बहुतेक तिला अजून कोणी विचारलेलंच नाहीये.