उडीआधी उतरण बांधा

नमस्कार श्रोतेहो. 29 मार्च 2008 ला मेलबर्नमध्ये रॉबी मॅडिसन यांनी मोटरसायकलवरून एका रॅम्पवरून दुसऱ्या रॅम्पवर 106.98 मीटर उडी घेतली. हा आकडा ऐकला की आपल्याकडची पोरं आधी विचारतात, गाडी किती सीसीची? त्याआधी विचारायचं ते हे, की उतरायचं कुठे?

हिशेबासाठी 30 मीटरची उडी धरू. ही सुरुवात नव्हे. सुरुवात 8 मीटरपासून, तीही मधली जागा मातीने पूर्ण भरून. रॅम्पचा कोन 20 अंश असेल, तर 30 मीटरला रॅम्पच्या टोकावर ताशी 77 किलोमीटर वेग लागतो. हवेचा अडथळा धरला तर थोडा जास्त. तोच वेग 75 भरला, की गाडी दीड मीटर अलीकडे पडते. कारण अंतर वेगाच्या वर्गाने बदलतं. सपाट जमिनीवर पडलात तर तो धक्का जवळपास पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट उंचीवरून जमिनीवर पडण्याइतका. उतरण, म्हणजे गाडी जिथे टेकते तो पलीकडचा उतार, तोही 20 अंशांचा असेल आणि गाडी त्याच्या समांतर आली, तर धक्का फार थोडा उरतो.

म्हणून उतरण लांब हवी. रॅम्पच्या टोकाइतक्याच उंचीवरून ती सुरू होऊन 4 मीटर खाली गेली, तर जवळपास पावणेबारा मीटर लांबी मिळते. एवढा भराव घालण्यापेक्षा मुरमाड माळावर अशी जागा शोधा, जिथे जमीनच पलीकडे दोनेक मीटर खाली जाते. काळ्या रानात बांधकाम नको. ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि रॅम्पचा कोन नकळत बदलतो. मुरूम 15-20 सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलरने दाबा. उतरणीच्या अलीकडे, कड्याला लागून, निदान पाच मीटर सपाट माथा भरून घ्या. जून 2021 मध्ये अमेरिकेत मोझेस लेकला ॲलेक्स हार्विल 351 फुटांच्या उडीच्या सरावात कमी पडले, उतरणीच्या माथ्यावर आदळले आणि त्यांचा जीव गेला. उडी लांब पडली तर धक्का बसतो, आखूड पडली तर सगळंच संपतं.

चढाचा रॅम्प तुमच्या गावचा फॅब्रिकेशनवालाही चॅनल-अँगलमध्ये करील, पण वळणाची त्रिज्या त्याच्यावर सोडू नका. 20 मीटर त्रिज्येच्या वळणावर 77 च्या वेगात चालकावर वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो आणि सस्पेन्शन खाली दबतं. वळण संपताच रॅम्पही संपला, तर मागचा शॉक तिथेच उसळतो आणि गाडी नाकावर जाते. म्हणून वळणानंतर 3 मीटर सरळ भाग ठेवा. मागच्या शॉकचं रिबाउंड, म्हणजे दबल्यावर परत वर येणं, थोडं मंद ठेवा.

वेग मीटरवर पाहू नका. चाक घसरलं तर मीटर खोटं बोलतं. त्या 3 मीटरच्या दोन्ही टोकांना प्रकाशाचे सेन्सर लावा. 77 ला 0.140 सेकंद, 75 ला 0.144. म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं घड्याळ लागणार. धावपट्टी 150 मीटर हवी, कारण शेवटची दोन सेकंदं वेग स्थिर ठेवायचा असतो. रॅम्पवर ॲक्सिलरेटर सोडायचा नाही आणि वाढवायचाही नाही.

हवेत दीड सेकंद मिळतं. नाक खाली झुकलं तर ॲक्सिलरेटर दिल्याने ते वर येतं, फार वर गेलं तर मागचा ब्रेक दाबला की खाली येतं. घाबरून पूर्ण पीळ दिलात तर गाडी पाठीवर येऊ शकते. हे लहान उड्यांवर हातात बसवायचं, आणि एका अंतरावर दहा स्वच्छ उतरणं झाल्याशिवाय पुढचा मीटर वाढवायचा नाही.

आपल्याकडचं ऊनही हिशेबात धरा. सकाळच्या 20 अंशांच्या तुलनेत दुपारच्या 42 अंशांना हवा सात टक्के विरळ असते. इंजिनाची ताकद त्याच बेताने घटते, आणि सकाळी पुरलेली धावपट्टी दुपारी कमी पडते. सराव पहाटे करा. फुल-फेस हेल्मेट, मानेचा पट्टा, छातीचं कवच अंगावर हवंच. 108 ची गाडी येईल या भरवशावर राहू नका, रुग्णवाहिका मैदानावर उभी ठेवा. तिथून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंत किंवा जवळच्या शस्त्रक्रियेच्या सोयीपर्यंत किती मिनिटं लागतात, तेही आदल्या दिवशी गाडी नेऊन मोजा.

दोन्ही कड्यांवर काठीला रिबन बांधा. ती आडवी फडफडायला लागली, की लाल झेंडा ज्याच्या हातात आहे त्याने तो वर करायचा, आणि चालकाने कितीही विनवलं तरी खाली घ्यायचा नाही.